आजचा घसा वेगळा आहे

सकाळी सहाला औषधाची चकती फोनवर प्रश्न विचारायची आणि मी 'नाही' दाबायचे. प्रश्न माझ्यासाठी नव्हता, माझ्या सासूबाईंसाठी होता. घसा दुखतो आहे का? ताप आहे का? पण सहाच्या ठोक्याला सासूबाई बंदरावर जायच्या घाईत असायच्या आणि उत्तरासाठी अंगठा टेकवायला लागायचा. रुग्णाचा चाले, नाहीतर घरातल्या एका काळजीवाहकाचा. तो अंगठा माझा होता.

वर मी हर्णैची आरोग्यसेविका. गावात अशा एकतीस चकत्या मीच माझ्या हातांनी लावल्या होत्या. म्हणजे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा नाही.

सासूबाईंचं नाव सुगंधा पावसे. हर्णै बंदरावर लिलाव पुकारायच्या. आता जेट्टीवर मोठे पडदे आलेत, पुण्याचे व्यापारी घरबसल्या फोनवरून बोली लावतात, पण पुकार अजून माणसाचीच लागते. कोळणींनी ते यंत्राला करू दिलं नाही. मासळीची पाटी वाळूवर आली की सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि सुरू व्हायच्या. सकाळ-संध्याकाळ, बत्तीस वर्षं. त्यांचा आवाज किल्ल्यापर्यंत जातो, असं लोक म्हणायचे. घरात तर तो सगळ्या भिंतींतून यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, ह्या बाई माझ्यावर कायमच्या चिडलेल्या आहेत.

गेल्या दिवाळीपासून त्या बिघडल्या. चार भाकऱ्या खाऊनही अंगावर मांस राहीना. हात थरथरायचे. उन्हात उभ्या असल्यासारखा घाम, तोही डिसेंबरात. लिलाव इतक्या भराभर पुकारायला लागल्या की व्यापारी ओरडायचे, "सुगंधाताई, जरा दमानं!" आणि चिडचिड तर विचारू नका. एकदा माझ्या हातून बांगड्याचं कालवण करपलं तर त्यांनी टोप उचलून परसात भिरकावला. मग परसात जाऊन स्वतःच रडत बसल्या. ते रडणं पाहून मी त्यांना दापोलीला नेलं.

गळ्यातली थायरॉइडची गाठ, म्हणजे ग्रंथी, जास्त काम करत होती. ही गाठ शरीराचा वेग ठरवते. हृदयानं किती पळायचं, अन्न किती जाळायचं, डोकं किती तापायचं, सगळं तिच्या रसावर चालतं. सासूबाईंच्या रक्तातली संरक्षण करणारी द्रव्यंच वाट चुकली होती आणि त्या गाठीला रात्रंदिवस डिवचत होती. औषध जुनंच होतं, शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही. ते गाठीला नवा रस बनवू देत नाही. आधीच बनवून साठवलेल्या रसाचं मात्र त्याला काही करता येत नाही. मी सासूबाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं होतं, "आई, बोटी यायच्या थांबल्या तरी बर्फात ठेवलेली मासळी संपेपर्यंत बाजार चालूच राहतो ना? तसं आहे. तीन-चार आठवडे काहीच वाटणार नाही. मग एकदम फरक पडेल."

नवीन होती ती चकती. रुपयाएवढी, दंडावर चिकटवायची. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालच्या पाण्यातून दर तासाला रसाचं प्रमाण मोजायच्या आणि त्या हिशेबानं तेवढंच औषध आत सोडायच्या. पूर्वी ह्या औषधाचा डोस ठरवताना डॉक्टरांचे महिने जायचे. कधी कमी पडायचं, कधी इतकं जास्त व्हायचं की माणूस सुजून, सुस्तावून बसायचं. चकतीनं तो घोळ संपवला. फोनवर आकडा दिसायचा. लाल, पिवळा, हिरवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

एक गोष्ट मात्र चकतीला दिसत नव्हती. हे औषध हजारात दोन-तीन माणसांच्या बाबतीत भलतंच काहीतरी करतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही जंतूंशी लढणाऱ्या, एकाएकी नाहीशा होतात. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत होतं आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. बाहेरून खूण एकच. घसा दुखतो, ताप येतो. वेळेत औषध बंद केलं, रक्त तपासलं तर माणूस वाचतो. म्हणून चकती रोज विचारायची.

आता सांगा, लिलाव पुकारणाऱ्या बाईला रोज सकाळी घसा दुखतो का विचारायचं म्हणजे काय?

पहिल्यांदा फेब्रुवारीत आम्ही इमानदारीत 'होय' दाबलं. चकतीनं ताबडतोब औषध थांबवलं, दापोलीला निरोप गेला, मी रक्त काढलं, ड्रोन येऊन कुपी घेऊन गेला. अहवाल येऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत दोन दिवस गर्दीत जायचं नाही. पेशी उत्तम होत्या. मार्चमध्ये पुन्हा तेच. एप्रिलच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वेळी सासूबाईंच्या जागेवर दुसरा माणूस पुकारायला उभा राहिला आणि त्याचा आवाज घरात ऐकू आला. सासूबाई ओटीवर बसून ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी आलेलं.

"प्रचिती, त्या चकतीला सांग," त्या म्हणाल्या, "हा घसा आजाराचा नाय गो. धंद्याचा हाय. बत्तीस वर्सं दुखतोय. त्यापरीस उद्यापासनं तूच 'नाय' दाब."

मी दाबलं. मला ते पटलंसुद्धा. खोटं कशाला बोलू? शिवाय तोवर औषध लागू पडलं होतं. आकडा हिरवा झाला होता. थरथर थांबली, अंग भरायला लागलं, आणि घर शांत झालं. आमच्या घरात शांतता! शेजारीण विचारून गेली, सासूबाई गावाला गेल्यात का म्हणून. मी फोनवरचा हिरवा आकडा पाहायचे आणि मनात म्हणायचे, हे असंच राहू दे. त्या चिडल्याच तर आधी आकडा बघायचे. हिरवा असला की म्हणायचे, "आई, आज चिडायचं काही कारण नाही तुम्हाला." त्या माझ्याकडे बघायच्या आणि गप्प बसायच्या. आता तो गप्पपणा आठवला की मला नकोसं होतं.

अकरा मे. सकाळी सहा. चकती वाजली. सासूबाई केसांत वेणी माळत होत्या. त्या थांबल्या आणि गळ्याला हात लावून म्हणाल्या, "आजचा घसा वेगळा हाय गो."

"वेगळा म्हणजे?"

"आतनं सोलल्यावानी."

सीझनचे शेवटचे वीस दिवस राहिले होते. एक जूनला मासेमारी बंद. जेट्टीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "खडीसाखर आणि मिरी ठेवा तोंडात. काल तुम्ही तासभर जास्त पुकारलंत." आणि अंगठा टेकवला. नाही.

त्यांनी वाद घातला नाही. पूर्वीच्या सासूबाई असत्या तर त्यांनी माझ्या हातातून फोन हिसकावला असता.

पुढचे बारा दिवस त्या अंगदुखीची गोळी खाऊन बंदरावर जात राहिल्या. त्या गोळीनं ताप दबतो, हे मला माहीत होतं. ती गोळी त्या रोज खातात, हे मला माहीत नव्हतं. त्या कमी बोलायला लागल्या, जेवण कमी झालं, दुपारी पडून राहायला लागल्या. मी समजले, औषध चांगलं मानवलंय. आकडा हिरवागार होता.

तेवीस मेला सकाळच्या लिलावात त्यांचा आवाज गेला. बसला नाही, गेला. पाटीसमोर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, काहीच आलं नाही. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी दुसऱ्या एका घरात चकतीत औषध भरत होते. धावत गेले. त्या वाळूवर बसल्या होत्या, अंग तव्यासारखं तापलेलं.

मी त्यांना म्हटलं, "आई, आ करा." आणि मोबाइलचा उजेड आत टाकला.

घशात पांढरे, करडे चट्टे होते. गालाच्या आतल्या बाजूला फोड. एका ठिकाणी मांस दिसत होतं. मी प्रशिक्षणात अशी चित्रं पाहिली होती. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मला पैकीच्या पैकी गुण होते. तिथेच वाळूवर बसून मी फोनवर 'होय' दाबलं. दहा वेळा दाबलं असेल. चकती म्हणाली, औषध थांबवले आहे, कृपया शांत राहा.

रत्नागिरीला पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर रुबीना मुकादम माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. अहवाल हातात घेऊन बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

"लढणाऱ्या पेशी दोन हजारांच्या वर हव्यात. ह्यांच्या साठ आहेत."

"सहाशे?"

"साठ."

मी अहवाल हातात घेऊन आकडा स्वतः वाचला.

"हे औषध आता जन्मात परत द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "हाडांतल्या मगजाला पेशी बनवायला लावणारं इंजेक्शन सुरू केलंय. जंतूंची औषधं सुरू केलीत. पण दुसरीकडे थायरॉइड मोकळी सुटलीय. तिचा साठा पुन्हा भरणार. त्यात एवढा ताप असला की ती एकदम उसळते आणि हृदयाला झेपत नाही. ऑपरेशन करून गाठ काढावी तर पेशी नाहीत. आम्ही आयोडीनचे थेंब देतोय, हृदयाचा वेग आवरायची औषधं देतोय. त्यानं काही दिवस मिळतील. तेवढ्यात पेशी वर आल्या पाहिजेत."

"नाही आल्या तर?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यावरून मला कळलं.

सासूबाईंना काचेच्या खोलीत ठेवलं होतं. आत जाणाऱ्याच्या श्वासाचासुद्धा धोका. काचेवर एक बोलकं यंत्र बसवलेलं होतं, त्यातून बोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर चकतीची नोंद उघडून तिथे उभ्या राहिल्या.

"एप्रिलपासून रोज 'नाही' आहे," त्या मला म्हणाल्या. "कालपर्यंत रोज. म्हणजे दुखणं कालच सुरू झालं?"

नोंदीत फक्त उत्तर असतं. अंगठा कुणाचा, ते कंपनीकडून मागवावं लागतं. मी तोंड उघडणार इतक्यात बोलक्यातून घासल्यासारखा आवाज आला.

"परवापासनं," सासूबाई म्हणाल्या. "परवापासनंच दुखतोय. त्याआधी काय नव्हता. आनि बटन मीच दाबत व्हते. सुनेचा काय संबंध नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काचेतून. डोळे पुढे आलेले, ओठ फुटलेले. मान अगदी थोडी हलवली. गप्प राहा, असं.

आणि मी गप्प राहिले.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. दर्शन, माझा नवरा, तेरा दिवस समुद्रावर होता, त्याला वायरलेसनं कळवून बोट फिरवली होती. तो त्याच दुपारी येणार होता. त्याला काय सांगू, ही भीती होती. आता सांगायची गरज नव्हती. नोकरी राहणार होती, घर राहणार होतं. त्याच्या आईनं स्वतःच्या तोंडानं मला सोडवलं होतं. दर्शन आला, काचेला कपाळ लावून उभा राहिला. मग माझा हात धरला. म्हणाला, "तू होतीस म्हणून वेळेत आणलीस." मी तो हात सोडवून घेतला नाही.

पंचवीस तारखेला दुपारी डॉक्टर पुन्हा आल्या. ह्या वेळी त्या थकलेल्या दिसत होत्या. दर्शन आणि मी बाकावर बसलो होतो.

"पेशी शंभरच्या आसपास रेंगाळल्यात. ते एक. पण मला ताप समजत नाहीये. दोन-तीन दिवसांचाच आजार असेल तर ह्या औषधांनी उतरायला लागायला हवा होता. उलट श्वास कमी पडतोय."

मी विचारलं, "दोन-तीन दिवसांचा नसेल तर?"

"तर वेगळं आहे. दहा-बारा दिवस पेशींशिवाय काढलेल्या माणसाच्या फुप्फुसात बुरशी शिरते. तिचं औषध वेगळं. ते मूत्रपिंडाला जड जातं, ह्यांच्या हृदयाला तर फारच, म्हणून उगाच देत नाही. बुरशीची तपासणी पुण्याला पाठवलीय, ती यायला अजून दोन दिवस." त्या दर्शनकडे वळल्या. "पण आई स्वतः सांगतायत, परवापासूनच दुखत होतं म्हणून."

मला आत काचेमागे सासूबाईंची छाती वरखाली होताना दिसत होती. मला वाचवायला त्या जे खोटं बोलल्या होत्या, त्यानंच त्या मरत होत्या. आणि मी एक अख्खा दिवस त्याच्या आडोशाला बसले होते.

"अकरा मे," मी म्हटलं.

डॉक्टर वळल्या. "काय?"

"अकरा मेपासून दुखतोय. मला सांगितलं होतं त्यांनी, आजचा घसा वेगळा आहे म्हणून. आतून सोलल्यासारखा. ताप गोळीनं दबला असणार. रोज 'नाही' मी दाबलंय. त्यांनी नाही. एप्रिलपासून मीच दाबतेय."

डॉक्टर आत पळाल्या. पळाल्याच. नर्सला बुरशीच्या औषधाचं नाव ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

दर्शन बाकावर तसाच बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, "दर्शन." तो उठला आणि जिन्यानं खाली निघून गेला.

मी काचेपाशी गेले. सासूबाईंना कळलं होतं. बोलक्यातून सगळं आत जातं, हे मी विसरले होते. त्यांचा चेहरा संतापानं लाल झाला होता. हात उचलून त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं. बोलायला दम नव्हता, तरी बोलल्या.

"तुला... गप... बस म्हटला व्हता ना?"

किती दिवसांनी चिडल्या होत्या त्या. मी काचेवर दोन्ही हात टेकून ओक्साबोक्शी रडले. म्हटलं, "चिडा आई. बरं होऊन घरी या आणि टोप फेकून मारा मला. पण या."

त्या आल्या नाहीत. बुरशीचं औषध लागू पडायला लागलं होतं, ताप एक अंशानं उतरलाही होता. अठ्ठावीसला पेशी तीनशे झाल्या. आम्हाला आशा वाटली. एकोणतीसला थायरॉइड उसळली. नाडी एकशे ऐंशी. तीस मेला दुपारी सव्वातीनला हृदय थांबलं.

मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "एक दिवस आधी सांगितलं असतं तर?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. खाली बघून पुन्हा म्हणाल्या, "प्रचिती, खरंच सांगता येत नाही." मला त्यांनी होय म्हटलं असतं तरी चाललं असतं, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

नोकरी गेली. जायलाच हवी होती. कंपनीनं पत्र पाठवलं, यंत्रणेनं योग्य वेळी योग्य प्रश्न विचारल्याची नोंद आहे, असं. त्यात काही खोटं नव्हतं.

बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बंदरावरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून बाहेर पडत नव्हते. दर्शन आत आला. त्या जिन्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. दार लोटून तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"अकरा तारखेला," तो म्हणाला, "बोट दुपारच्या भरतीला सुटणार होती. सकाळी मी इथेच होतो. मोरीत दाढी करत."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आजचा घसा वेगळा हाय, असं आई म्हणाली ते मीपण ऐकलं. मी आतून ओरडलो, आई, तुझा घसा वेगळा असायला तू काय लता लागून गेलीस? ती हसली. तू तोवर भाकरी थापायला गेली होतीस, तुला ऐकू नसेल गेलं. ती हसली आणि गेली बंदरावर. मी थांबवली असती तर ती थांबली असती. माझं ऐकायची."

बाहेर ओटीवर त्याच्या मावशीचा आवाज चढला होता. ती जमलेल्या बायकांना सांगत होती, आरोग्यवाली सून आणली आणि सुनेनंच बहिणीचा जीव घेतला. बायका हुंकार भरत होत्या. दर्शननं तोंडावरून हात फिरवला, दार उघडलं आणि बाहेर गेला. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मावशी त्याला जवळ ओढून रडत म्हणाली, "तूच सांग रे बाबा, खरा की नाय?" सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या.

तो मावशीशेजारी बसला. खाली मान घातली. काही बोलला नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मीही एक अख्खा दिवस तसाच बसून काढला होता. मी दार लावून घेतलं आणि आलेल्या माणसांची पानं वाढायला घेतली.